सत्यजलाचे दोन जग

सोसायटीच्या सभागृहात शंभर खुर्च्या होत्या आणि दीडशे बायका. उरलेल्या पन्नास जणी भिंतीला टेकून उभ्या होत्या, तरी तक्रार कुणाचीच नव्हती. मागच्या महिन्यात लिफ्ट आठवडाभर बंद पडली तेव्हा याच सभागृहात बैठक बोलावली होती. तिला अकरा माणसं आली, आणि त्यातली दोन चुकून. पण लिफ्ट काय, माणसाला फार तर पाचव्या मजल्यावर नेते. आज थेट उद्धाराची सोय होती आणि तीही डिशवॉशरमधून.

पुढे टेबलाशी शुद्धीताई उभ्या होत्या. पांढरे कपडे, आवाज सायीसारखा मऊ. टेबलावर पाण्याने भरलेले दोन काचेचे जग, काही रिकामे ग्लास आणि एक छोटी थेंबाची बाटली. बाटलीतल्या पाण्याचं नाव सत्यजल. प्रत्येकीने येताना घरच्या मशीनमध्ये धुतलेली एक बशी आणायची, असा निरोप होता. त्यामुळे दीडशे बायका बशी सांभाळत होत्या आणि एकूण देखावा जेवण वाढायला विसरलेल्या पंगतीसारखा दिसत होता.

"सख्यांनो, तुम्हाला वाटतं घरात जेवण तुम्ही वाढता," ताई म्हणाल्या. "नाही. जेवण वाढते ती पावडरची कंपनी."

त्यांनी पहिल्या रांगेतल्या एका बाईची बशी मागून घेतली. बाजारच्या डिशवॉशर-गोळीने धुतलेली, लख्ख. डाव्या जगातलं पाणी तिच्यावर ओतलं, ते ग्लासात गोळा केलं आणि सत्यजलाचे दोन थेंब टाकले. पाणी गुलाबी झालं. साधंसुधं नाही, चांगलं झगझगीत गुलाबी. सभागृहाने श्वास रोखला. मग ताईंनी स्वतःच्या पावडरीने धुतलेली बशी घेतली, उजव्या जगातलं पाणी ओतलं, थेंब टाकले. पाणी जसंच्या तसं, नितळ.

मग शेवटचा चमत्कार. गुलाबी ग्लासात त्यांनी एका डबीतली चिमूटभर भुकटी सोडली. पाणी फसफसलं आणि रंग नाहीसा झाला.

"ऐका," ताई हळूच म्हणाल्या, "विष बाहेर पडताना असाच आवाज करतं."

तिसऱ्या रांगेत बसलेल्या लॅबमावशींना मात्र वेगळंच काहीतरी ऐकू आलं. एका शाळेच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं त्यांनी परीक्षानळ्या आणि चंचुपात्रं धुतली होती. शिक्षक बदलले, मुख्याध्यापक बदलले, अभ्यासक्रम तर दर चार वर्षांनी बदलला. हे गुलाबी पाणी काही बदललं नाही. दरवर्षी नववीची मुलं तेच पाणी अंगावर सांडायची आणि दरवर्षी मावशी ते पुसायच्या. सत्यजलाचं खरं नाव इतकं लांबलचक होतं की मुलांची जीभ वळायची नाही, म्हणून सगळे त्याला नुसतं 'दर्शक' म्हणत. सोड्यात टाकलं की गुलाबी, आंबट काही टाकलं की रंग गायब. विषाचा आणि त्याचा संबंध तेवढाच, जेवढा लाल दिव्याचा आणि रागाचा.

हे त्या शेजारी बसलेल्या सुनेला सांगणार होत्या. पण त्यांनी सुनेकडे पाहिलं. सुनेचे डोळे भरून आले होते. घरी सहा वर्षांची नात होती, तिच्या कोपरांच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्यांच्या मागे इसब होतं. खाजवून खाजवून पोर रडकुंडीला यायची. डॉक्टरांनी मलम दिलं होतं, त्याने बरं व्हायचं, थांबवलं की पुन्हा यायचं. हे असंच काही वर्षं चालेल, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं. सरळ बोलणाऱ्या माणसाचा हाच तोटा, त्याच्या सभेला दीडशे माणसं जमत नाहीत. ताईंनी मात्र फोटो पाहताच निदान केलं: बशीतलं विष त्वचेतून निघतंय. चाळीस दिवस शुद्ध भांड्यांत जेवू घाला, मलम बंद करा, विषाची वाट अडवू नका.

सून चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर लोकांना नीट दिसावं म्हणून झटायची. आता तिला स्वतःला आशेशिवाय काही दिसत नव्हतं, आणि आशेवर पाणी कोण ओतणार? घरात दोघींचं बरं चाललं होतं. सासूने लुडबूड करायची नाही, हे मावशींनी लग्नाच्या दिवशीच ठरवून टाकलं होतं. त्या गप्प बसल्या.

पावडरची कृती ताई फुकट शिकवत. धुण्याचा सोडा, मीठ, वाळवलेल्या संत्र्याच्या सालीची पूड. सगळं घरच्या घरी. फक्त ही पावडर 'निद्रिस्त' असते. तिला जागं करायला त्या डबीतले मातृकण लागतात, आणि ते ताईंकडेच मिळतात, दर पंधरा दिवसांनी, ताजे. निसर्ग फुकट आहे, चिमूट तेवढी विकत.

सुनेने कसलीही कसर ठेवली नाही. पावडर केली, मातृकण घातले, मशीन लावलं. भांड्यांवर तेलकट पापुद्रा राहू लागला. ताईंना फोन केला तर कळलं की ते रक्षाकवच आहे, पुसू नये. सत्यजलाची एक बाटलीही घरी आली. मग काय विचारता, घरात विषच विष सापडू लागलं. कपड्यांचा साबण गुलाबी. फरशीचं पाणी गुलाबी. मावशींचा मुलगा पित्तावर घ्यायचा ते पांढरं औषध तर असं गुलाबी झालं की त्याने दोन दिवस पाणीच पिऊन काढले. "मला तुमच्या भानगडीत ओढू नका," एवढं म्हणून तो पहाटेच्या पाळीला कारखान्यात निघून जायचा. मलमावर टाकलेला थेंब मात्र नितळच राहिला. तरी मलम कपाटात गेलंच, कारण छुपं विष सत्यजलालाही कधीकधी चकवतं म्हणे. रंग आला तर विष आहे, नाही आला तर लपलंय. अशी परीक्षा शाळेत असती तर एकही मूल नापास झालं नसतं.

तिसऱ्या आठवड्यात नातीच्या कोपराशी कातडी ओली झाली, पिवळी खपली धरू लागली. ताईंनी कळवलं, शुभचिन्ह आहे, आता मागे फिरू नका. बाविसाव्या दिवशी पोर तापाने फणफणली. आईच्या मांडीवर हात लांब धरून पडून राहिली. कोपर दुमडता येत नव्हतं. सून ताईंचा फोन लावत राहिली. तो लागेना. मावशींनी चपला घातल्या, नातीला उचललं आणि दवाखान्याची वाट धरली. सून धावत मागून आली.

डॉक्टरांनी हात पाहिला आणि एवढंच विचारलं की मलम कधी बंद केलं. सुनेने आकडा सांगितला. ते रागावले नाहीत, हेच तिला जास्त लागलं. जखमेत जंतू शिरले होते. औषध सुरू झालं, दोन दिवस दवाखान्यात राहावं लागलं आणि ताप उतरला.

घरी आल्यावर सून स्वयंपाकघरात सत्यजलाची बाटली हातात धरून उभी होती. टाकवत नव्हती, ठेववत नव्हती. आपलंच काही चुकलं असेल, असं ती म्हणाली. मातृकण कमी पडले असतील.

मावशींना ते ऐकवेना. तरीही त्यांनी भाषण दिलं नाही. धुण्याचा सोडा पाण्यात विरघळवला, आणि थेंब तूच टाक म्हणाल्या. गुलाबी. आता त्यात लिंबू पिळ. सुनेने पिळलं. पाणी फसफसलं, रंग गेला. दुसऱ्या ग्लासात व्हिनेगर. पुन्हा रंग गेला. सुनेने मातृकणांची डबी उघडली, बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. तिचं तोंड आंबट झालं.

"लिंबाचं सत्त्व आहे," मावशी म्हणाल्या. "किराणा दुकानात मिळतं. वर थोडा वास लावलाय."

"मग विष?"

"विष नव्हतंच. सोडा होता, आणि तोच तर तुझी भांडी घासत होता. आंबट घालून आपण त्यालाच मारत होतो. म्हणून तर भांड्यांवर कवच."

 सून तडक बाहेर गेली आणि शेजारणीकडून बाजारच्या गोळीने धुतलेली बशी मागून आणली. नळाचं पाणी तिच्यावर ओतलं, गोळा केलं, थेंब टाकले. काही नाही. पुन्हा टाकले. पाणी नितळ.

"आई, बशी तशीच," ती हळूहळू म्हणाली. "गोळी तीच, थेंब तेच. मग सभागृहात रंग कसा आला?"

मावशींना उत्तर ठाऊक होतं, पण त्या थांबल्या. एकतीस वर्षांत त्यांनी चांगला शिक्षक आणि वाईट शिक्षक यांतला फरक एवढाच पाहिला होता की चांगला या क्षणी तोंड मिटून बसतो.

"पाणी," सून म्हणाली. "पाणी त्यांचं होतं."

पुढची सभा रविवारी होती. यावेळी खुर्च्या जास्त मागवल्या होत्या. ताईंनी बशी मागितली तेव्हा सून उठली आणि पुढे गेली. हातात बशी नव्हती.

"बशी राहू दे, ताई," ती म्हणाली. "थेंब थेट जगात टाकू."

"अगं, जगातलं पाणी शुद्धच आहे. ते वाया कशाला घालवायचं?"

"शुद्ध असेल तर रंग येणार नाही. मग तेच बशीवर ओतू."

ताई हसल्या. अश्रद्ध हातांनी पाणी दुखावतं, पाण्याला स्मृती असते, असं बरंच काही त्यांनी सायीच्या आवाजात सांगितलं. ते पुरं होईपर्यंत सुनेने घरून आणलेली सत्यजलाची बाटली डाव्या जगावर उलटी केली होती. अख्खा जग गुलाबी झाला. ना बशी, ना गोळी, ना कंपनी. मग तिने उरलेले थेंब उजव्या जगात टाकले. ते पाणी तसंच राहिलं.

"हा तुमच्या बशांसाठी," ती उजव्या जगाला हात लावत म्हणाली, "आणि हा आमच्या." तिने डाव्या जगातलं गुलाबी पाणी एका ग्लासात ओतलं आणि खिशातून अर्धं लिंबू काढून त्यात पिळलं. रंग फसफसत गेला. "आणि हेच तुमचे मातृकण. माझी मुलगी यापायी दोन दिवस दवाखान्यात होती."

आवाज शेवटी फाटला, पण मागच्या भिंतीपर्यंत पोहोचला.

त्यानंतर काय झालं? सभा उधळली, ताईंनी पाय धरले, असं काही घडलं नाही. तसं फक्त गोष्टींत होतं. ताईंनी दोन्ही जग मोरीत रिकामे केले, नकारात्मक लहरींमुळे आजचं सत्र स्थगित असल्याचं सांगितलं आणि मागच्या दाराने गेल्या. निम्म्या बायका संतापल्या. एकीने, मग माझी पाठदुखी कशी थांबली, असं विचारलं. दुसरीने, उरलेले मातृकण परत घेणार का, अशी चौकशी केली. चार-पाच जणी अजूनही ताईंच्या पुढच्या सभेचा पत्ता शोधत असतात. पण बऱ्याच जणींनी त्या दिवशी घरी जाऊन आपापल्या नळाच्या पाण्यात थेंब टाकून पाहिले, आणि हे काही कमी नाही. घरची पावडर कित्येक घरांत आजही होते, सोडा आणि मीठ घालून, चिमटीशिवाय. भांडी बरी निघतात, फार चिकट असली तर पुन्हा घासावी लागतात. चमत्कार नाही, पण भांडी आहेत.

नातीचं कोपर पंधरा दिवसांत सुकलं. इसब गेलं नाही. ते काही वर्षं राहील, मलमही राहील.

एका दुपारी मलम लावून झाल्यावर सून झाकण घट्ट करत म्हणाली, "आई, तुम्ही पहिल्याच दिवशी ओळखलं होतंत ना?"

मावशींनी मान हलवली.

"मग बोलला का नाहीत?"

"तुला वाईट वाटलं असतं. रागावली असतीस."

"रागावलेच असते," सून म्हणाली. "महिनाभर बोलले नसते तुमच्याशी. तरी बोलायचं होतंत."

मावशींनी नातीचा हात आपल्या हातात घेतला. नवी गुलाबी कातडी मऊ होती.  सून म्हणाली ते खरं होतं.

बाबा आणि ताया जगात राहणारच. लबाडीला अक्कल फार लागत नाही; थोडं लिंबाचं सत्त्व, थोडा सोडा आणि कुणाचं तरी आजारी मूल पुरतं. त्याहून जास्त लागते ती तिसऱ्या रांगेतल्या जाणत्या माणसाची गप्प बसण्याची सवय. म्हणून एवढंच मागणं आहे. कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी तोच आपल्या घरी, आपल्या पाण्याने करून बघा. आणि ज्याला खरं ठाऊक आहे त्याने ते त्याच दिवशी सांगावं. समोरचा रागावला तरी सांगावं. राग महिन्याभरात ओसरतो.