टोपली ओतून बघा

राहात्याच्या पुढे हमरस्त्यावर एक फाटा लागतो. हिवाळ्यात तिथे पेरूची बावीस दुकानं उभी राहतात. दुकान म्हणजे चार बांबू, वर हिरवी जाळी आणि पुढे ओळीने टोपल्या. प्रत्येक टोपलीच्या वरच्या थरात मोठे, गुळगुळीत पेरू असतात. खालच्या थरात काय असतं ते घरी गेल्यावर कळतं. खालच्या थराला गिऱ्हाइकाने हात लावायचा नाही, हा या फाट्याचा नियम. तो कुठे लिहिलेला नाही, पण लिहिलेल्या कुठल्याही नियमापेक्षा जास्त पाळला जातो.

या नियमाला पहिला धक्का दिला तिथल्याच एक दुकानदार चांगुणाबाईंच्या सुनेने. रुपाली शिकलेली. दिवाळीनंतर तिने पत्र्याचा एक बोर्ड रंगवून दुकानापुढे उभा केला. वरची ओळ अशी होती: ‘वर जो माल, तोच खाली. टोपली ओतून बघा.’ त्याखाली जागा उरली होती. मोकळी जागा बघवत नाही अशी माणसं असतात, रुपाली त्यातलीच. तिने लाल रंगात आणखी एक ओळ लिहिली: ‘रोज दोन पेरू, शुगर गायब.’

गाड्या थांबू लागल्या. लोक खरोखर टोपल्या ओतून बघत आणि हसत परत भरत. बाकीच्या एकवीस दुकानांपुढेही गाड्या थांबत होत्या, पण आता तिथलं गिऱ्हाईकसुद्धा म्हणू लागलं, ‘तुमचीही ओता की.’ दुखणं इथून सुरू झालं.

महिन्याभराने ग्रामपंचायतीची नोटीस आली. सदर फलकामुळे अन्य विक्रेत्यांची बदनामी होत असून गावात तेढ निर्माण होत आहे, सबब आठवड्याभरात फलक काढावा, अन्यथा जप्त करण्यात येईल. शिवाय यापुढे सर्व दुकानांवर ‘ताजे पेरू’ एवढंच लिहावं, बाकी एक अक्षर नको. खाली सरपंच बजरंगरावांची सही होती. त्यांच्या धाकट्या भावाचं दुकान चांगुणाबाईंच्या शेजारीच आहे. हे मी फक्त नोंदवून ठेवतो.

मग सासू-सुनेचे हेलपाटे सुरू झाले. ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणाले, अर्ज द्या. अर्ज दिला, तर म्हणाले, दोन प्रती लागतात. तालुक्याच्या कचेरीत सांगितलं, हा विषय आमच्याकडे येत नाही. ज्यांच्याकडे येतो ते साहेब बैठकीला गेलेले. पोलीस चौकीतल्या हवालदारांनी पेरू आवडीने खाल्ला आणि बोर्ड काढून टाकायचा सल्ला फुकट दिला. दोन दिवसांत चार दारं झाली आणि जिथे माणूस भेटला तिथे शेवटी एकच वाक्य मिळालं: साधा बोर्ड तर आहे, काढून मोकळ्या व्हा.

साधा! त्या बोर्डावर सगळा हंगाम उभा होता. मागच्या वर्षी चांगुणाबाईंनी दुकान जवळजवळ मिटवलं होतं. एकसारखा माल भरायचा म्हणून बारका पेरू त्या वेगळा काढत आणि मोठा पेरू सगळ्या थरांत वाटून टाकत. त्यामुळे त्यांच्या टोपलीचा वरचा थर शेजाऱ्यांच्या थरापुढे फिका दिसे. खरं वागून तोटा आणि ते सांगायलाही बंदी, असा तो हिशेब होता.

शेवटी त्या भिमाजी अण्णांकडे गेल्या. अण्णा कोर्टातले निवृत्त बेलिफ. तीस वर्षं लोकांच्या दारावर नोटिसा चिकटवल्यामुळे कुठल्या नोटिशीत दम आहे हे त्यांना कागद हातात घेताच समजतं. त्यांनी चष्मा लावून नोटीस दोनदा वाचली.

“कोणत्या कायद्यानं, हे लिहिलंच न्हाई,” अण्णा म्हणाले. “राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमानं बोलायचं स्वातंत्र्य दिलंय. धंद्याची जाहिरात हेसुद्धा बोलणंच, असं सुप्रीम कोर्टानं सांगितलंय. ते अडवायचं तर आधी कायदा लागतो, आणि कायद्यालाही घटनेनं मोजकीच कारणं दिलीत. शेजाऱ्याचं गिऱ्हाईक तुटतं, हे कारण त्यात न्हाई.”

“पन बदनामी म्हनत्यात ते,” चांगुणाबाई म्हणाल्या.

“बदनामी हे कारण हाय त्यात. पण बोर्डावर नाव कुनाचं हाय? तुमी तुमच्या टोपलीबद्दल खरं लिहिलं, तर दुसऱ्याची बदनामी कशी व्हईल?”

दोघींना धीर आला. पण अण्णा उठले आणि दुकानावर चला म्हणाले. तिथे त्यांनी आधी एक टोपली ओतली. मग दुसरी, मग तिसरी. सगळा माल एकसारखा निघाला. अण्णांनी मान हलवली आणि बोट खालच्या लाल ओळीवर ठेवलं.

“आता ही ओतून दाखवा. कुनाची शुगर गेली?”

रुपाली सासूकडे बघू लागली. चांगुणाबाईंनी नजर खाली घातली. रोज सकाळी चहाआधी त्या स्वतः शुगरची गोळी घेतात.

“माझीच न्हाई गेली,” त्या पुटपुटल्या. “दिवसभर पेरूतच बसलेली असते मी.”

“मळ्यातल्या रंगुबाईनं महिन्यापासून गोळी बंद केलीय,” अण्णा म्हणाले. “कालच सांगत होती. तुमचा बोर्ड वाचून. दोन पेरू खाती रोज, न चुकता. घटनेची छत्री खऱ्या बोलण्यावर हाय, सूनबाई. फसवणाऱ्या जाहिरातीला तिच्याखाली जागा न्हाई. ही ओळ सरकारनं पुसली असती, तर मी सरकारच्या बाजूनं उभा राहिलो असतो.”

रंगुबाई चांगुणाबाईंच्या दुकानाचं पहिलं गिऱ्हाईक होत्या. रुपालीने पुढचं ऐकलंच नाही. तशीच ती मळ्यात गेली. रंगुबाई बाजेवर पडून होत्या, दोन दिवस डोकं गरगरत होतं. रुपालीने त्यांना टेम्पोत बसवून दवाखान्यात नेलं. शुगर किती निघाली ते डॉक्टरांनी सांगितलं नाही, फक्त कपाळाला हात लावला. गोळी परत सुरू झाली. परत येताना रंगुबाईच रुपालीची समजूत काढत होत्या, पेरू मात्र ग्वाड हाय तुमचा. त्याने रुपालीला जास्तच रडू आलं.

दुसऱ्या दिवशी तिने लाल ओळ काळ्या रंगाने पुसली. तिसऱ्या दिवशी ती ग्रामपंचायतीच्या सभेत जाऊन उभी राहिली. सोबत सासू होती आणि मागच्या खुर्चीवर अण्णा.

“एक ओळ मी पुसली, भाऊजी,” ती बजरंगरावांना म्हणाली. “ती खोटी होती. तुमी विचारायच्या आधीच पुसायला पाहिजे होती. दुसरी खरी हाय. खोटी निघाली तर बोर्ड मी स्वतः काढीन. खरी असेल तर का काढू, एवढं सांगा.”

बजरंगराव गावाच्या इज्जतीवर बोलले, एकोप्यावर बोलले, बराच वेळ बोलले. अण्णांनी भाऊसाहेबांना फक्त कायद्याचं कलम विचारलं. भाऊसाहेबांनी फायल उलटीसुलटी केली आणि ती बंद करून ठेवली. बोर्ड वळणावर आडवा येतो, असं ते शेवटी म्हणाले. रुपालीने लगेच कबूल केलं, बोर्ड चार हात मागे घेते. बोर्ड कुठे उभा करायचा हे पंचायतीने जरूर सांगावं. त्यावर खरं लिहायचं की नाही, हे सांगू नये.

मग अण्णांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. पंचायतीच्याच भिंतीवर एका चूर्णाची जाहिरात होती: ‘गुडघेदुखी सात दिवसांत कायमची बंद.’

“बजरंग, तुझ्या आईनं किती डबे खाल्ले ह्याचे?”

बजरंगरावांची आई वर्षभरापासून काठी घेऊन चालते. डबे त्यांनीच आणून दिले होते.

“पाच,” ते म्हणाले. मग ग्रामसेवकांकडे वळले. “भाऊसाहेब, नोटीस माघारी घ्या. आन् त्या भिंतीला चुना लावा आजच.”

फाटा एका दिवसात सुधारला, असं मी लिहिणार नाही. लिहिलं तर तीही जाहिरातच होईल. बावीसपैकी पाच दुकानांवर आता ‘ओतून बघा’ लागलं आहे. त्यात सरपंचांच्या भावाचं दुकान नाही. तो चांगुणाबाईंशी अजून बोलत नाही. चांगुणाबाई मात्र सकाळची गोळी आता गिऱ्हाइकांसमोर घेतात. कुणी विचारलं तर सांगतात, पेरू चवीसाठी खा, औषध डॉक्टरला विचारा. बोर्डावर लाल ओळीच्या जागी काळा पट्टा तसाच आहे. रुपालीने तिथे नवीन काही लिहिलेलं नाही.

बंधुभगिनींनो, घटनेने धंदेवाल्याचंही तोंड मोकळं ठेवलं आहे. सरकारला ते खोट्यासाठी बंद करता येतं, गैरसोयीच्या खऱ्यासाठी नाही. तेव्हा उद्या तुमच्या दारावर अशी नोटीस आली, तर घाबरू नका आणि कलम विचारा. पण विचारायला निघण्याआधी आपली टोपली आपल्याच अंगणात एकदा ओतून बघा.