आबांनी उचललेली मोळी

ताराबाईला भरपाई नको होती, माफीही नको होती. सुंदररावांनी ती पांढरी गोळी गिळलेली तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायची होती.

वर्ष दुष्काळाचं होतं. आष्टीकडचं रान करपलं होतं. माजलगावच्या धरणाखाली ऊस तेवढा तगला होता, म्हणून तिची ऊसतोडीची टोळी दरवर्षीसारखी साखर कारखान्याच्या तळावर पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, घालून उतरली होती. कारखाना सहकारी, चेअरमन सुंदरराव. त्यांना सगळे आबा म्हणत. औषधांची कंपनीही आबांच्याच घरची. तोडणीवाल्यांचा खाडा पडू नये म्हणून आबांनीच मुकादमांच्या हाती गोळ्या दिल्या होत्या. कुणी कंबर धरून बसलं की बंकट मुकादम एक गोळी देई, आणि माणूस पुन्हा मोळीला लागे. कंबर त्यानं बरी होत नव्हती; दुखण्याची खबर तेवढी डोक्यापर्यंत पोचत नव्हती. आत स्नायू फाटतच राहायचे. पुढे कंबर दुखो न दुखो, गोळी चुकली की अंगाला कापरं सुटायचं, नाक गळायचं, पोटात पीळ पडायचा.

ताराबाईचा नवरा आसाराम असाच गेला कामातून. मग आबांनी व्यसनमुक्ती केंद्र काढलं. तिथे ही गोळी सोडवायला दुसरी गोळी देत. ती आबांच्याच कंपनीची होती, आणि तीही सुटत नव्हती. आसाराम उन्हाळ्यापासून तिथल्या खाटेवर पडून होता. बायकोला ओळखायचा, पण तिच्याकडे बघायचा नाही.

गळीत हंगामाची पहिली मोळी चेअरमनच्या हातून गव्हाणीत, म्हणजे ऊस आत ओढून नेणाऱ्या पट्ट्यावर, पडते. ती मोळी टोळीतल्या कुणीतरी बांधून आणायची. यंदा ताराबाईनं ते काम मागून घेतलं.

"पाचच ऊस बांध," बंकट म्हणाला. "रिबिन लाव. आबाला झेपली पायजे."

"मला शिकवू नका मुकादम. सारी हयात मोळ्या बांधण्यात गेली माझी."

तिनं फडातले सगळ्यात जाड, रसानं टच्च भरलेले ऊस निवडले आणि वाढ्यांनी, उसाच्या हिरव्या शेंड्यांनी, आवळून गड्याच्या डोक्यालाही जड होईल अशी मोळी बांधली.

गव्हाणीपाशी मांडव होता. निवेदकानं आबांच्या तोंडापुढे माईक धरला होता. मोळी बघून आबा हसले. "काय गं, ट्रक भरायचाय का?"

"आमी असलीच मोळी घिऊन शिडी चढतो, आबा. जड वाटत आसंल तर सोडते. पाच उसाची बांधते."

"सोड सोड," मागून व्हाईस चेअरमन म्हणाले. पुढच्या निवडणुकीत त्यांना आबांची खुर्ची हवी होती. "आबाचं वय झालं आता."

"वय तुझ्या बापाचं झालं बे!" आबांनी शाल काढून फेकली.

मोळी कशी उचलतात ते ताराबाईला ठाऊक होतं. खाली बसायचं, मांडीवर घ्यायची, मग दुसऱ्यानं हात द्यायचा. ती गप्प उभी राहिली. आबा गुडघे ताठ ठेवून वाकले, मोळी हिसक्यानं उचलली आणि तशीच गव्हाणीकडे वळवली.

मोळी पडली. आबाही कंबर धरून तिच्यावर पडले. कण्हणं माईकवरून साऱ्या तळावर ऐकू गेलं.

"गाडी आणा! डॉक्टर बोलवा!" धावाधाव सुरू झाली. ताराबाई त्यांच्या डोक्याशी बसली. कमरेची पिशवी सोडली, आसारामच्या उरलेल्या पट्टीतून एक पांढरी गोळी काढून त्यांच्या ओठापाशी नेली.

"घ्या आबा. लगीच उतरंल."

आबांनी गोळी पाहिली आणि तोंड फिरवलं. "ही नको."

"कावून? तुमच्याच घरची हाय."

"नको म्हणलं ना! सवय लागती हिची!"

माईक अजून तिथेच होता. ते साऱ्या तळानं ऐकलं. बंकटनं गोळ्यांच्या खिशावर हात दाबला, कारण टोळीतली माणसं आता आबांकडे नाही, त्याच्याकडे बघत होती.

ताराबाई हलली नाही. गोळी तिथेच धरून बसली. लोकांनी आबांना उचलायला हात घातला तसे ते ओरडले. पुन्हा हात घातला, पुन्हा ओरडले. तिसऱ्यांदा मात्र त्यांनी डोळे मिटले आणि तोंड उघडलं. तिनं गोळी जिभेवर ठेवली, पाणी पाजलं. नरड्याची घाटी खालीवर झालेली नीट बघितली.

गाडी यायला वेळ लागला. तोवर आबांच्या कपाळावरच्या आठ्या सैल पडत गेल्या. गाडीत चढवताना तिनं गोळ्यांची पट्टी पिशवीत ठेवायला शोधली, तर ती त्यांच्या मुठीत होती.

"असू दे," आबा पुटपुटले. "माझ्यापाशी असू दे."

"ठेवा की," ताराबाई म्हणाली. "आमचा आसारामबी पहिल्या दिशी हेच बोलला हुता."