कुंड्यांची वजनं

रोज सकाळी संस्थेच्या काचघरात जाऊन गव्हाच्या साठ कुंड्या तोलायच्या, हे माझं काम. अकरा वर्षं तेच. दर वर्षी सर माझी नोकरी एका वर्षानं वाढवायचे, तीही उपकार केल्यासारखी. त्या वर्षी मात्र कायम करतो म्हणाले होते.

सरांनी गव्हात एक जनुक घातलं होतं. त्यामुळे म्हणे गहू दुष्काळाला दाद देत नाही. आम्ही पाणी तोडलं. बाराव्या दिवशी साध्या गव्हानं माना टाकल्या, सरांचा ताठ उभा. सरांनी फोटो काढला आणि भेटेल त्याला दाखवत सुटले.

घोळ घातला तो वजनांनी. सरांच्या कुंड्या जड भरत होत्या, म्हणजे आत पाणी शिल्लक होतं. जनुकानं रोपं खुरटली होती. एवढीएवढीशी पानं, ती पिणार किती? मग मी दोन्ही गव्हांच्या मिळून वीस कुंड्या वेगळ्या काढल्या आणि रोज तोलून दोन्हींच्या मातीतलं पाणी सारखंच कमी करत गेले. दोन्ही गहू एकाच दिवशी कोमेजले.

"सर, हा तहान सोसत नाहीये. वाढतच नाही, म्हणून कमी पितोय."

सर शांतपणे म्हणाले, "बाई, फोटो खोटा आहे का?"

"फोटो खरा आहे."

"मग झालं तर. वजनं कोणी मागितलीत? वहीत लिहा, वजनं घेतली नाहीत. तुमच्या कागदावर मी सोमवारी सही करतोय."

मी नवी वही केली, सुवाच्य अक्षरात. जुनी सरांनी ठेवून घेतली. मी कायम झाले, म्हणून आई शेजारीपाजारी सांगत फिरली. मला लाज वाटली, पण झोपही लागली, खोटं कशाला बोलू.

दीड वर्षानं, सरांचा छापून आलेला शोध वाचून, दुसऱ्या एका प्रयोगशाळेनं तोच गहू लावला, कुंड्या तोलल्या आणि जाहीर विचारलं, तुमची वजनं कुठे आहेत? संस्थेनं चौकशी बसवली.

"मी बाईंवर विसंबलो," सर समितीपुढे म्हणाले. "वजनं घेणं त्यांचं काम होतं."

अध्यक्षांनी नवी वही माझ्यापुढे सरकवली. "अक्षर तुमचंच ना?"

"माझंच. पण वजनं मी घेतली होती. जुनी वही सरांकडे आहे."

सरांनी माझ्याकडे इतक्या मायेनं पाहिलं, की समितीला त्यांचीच कीव आली. "अशी कुठलीही वही नाही," ते म्हणाले.

कामात हयगय केली म्हणून मला काढून टाकलं. इतक्या वर्षांत मी एका दिवसाचंही वजन चुकवलं नव्हतं.