देवाला न सांगितलेले टप्पे

वीज गेली.

चिंगळांची, बारक्या कोळंबीची सालं, ओल्या पोत्यात. पोतं हलतंय, आत मांजर.

फुटलेला नारळ. सगळ्या गावाचं एका दमात, "होय म्हाराजा."

सुदेशचा डिझेलचा टेंपो. वर ताडपत्री, टाकी मात्र भरलेली.

तारकर्लीच्या लॉजवरच्या चादरी. पिळून पिळून सोललेली बोटं.

वीज आली. वीज गेली.

सकाळपासून रसिकाच्या डोक्यात हे असंच फिरत होतं आणि तीही तशीच फिरत होती, पडवीतून खळ्यात, खळ्यातून पडवीत. चुलीवर चहा उकळून उकळून कडू झाला तरी तिला बसवत नव्हतं. तिची गाडी नगरपंचायतीच्या आवारात, पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होडीसारखी पडून होती.

गावची सगळी वाहनं विजेवर चालवायची, असा नगरपंचायतीने ठराव केला. पहिली आली ती कचऱ्याची घंटागाडी, आणि तिच्यावर चालक म्हणून रसिका. नवरा धनेश गोव्याकडच्या बोटीवर. लॉजवरच्या चादरी धुणं सोडून ती स्टेअरिंगला बसली, तेव्हा सासरा परशुराम एवढंच म्हणाला होता, "गावकराची सून गावचो कचरो व्हावतली? बरा दिसता काय ता?" तेव्हापासून गाडी आली की तो पाठ फिरवून विडी ओढायचा.

पण गावात नवं काही आलं की देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्याच घराण्याचा. चैत्रात गाडी देवळासमोर उभी केली, पानं-फुलं वाहिली, आणि परशुरामने हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, ही तुझ्या नगरीची नवी गाडी तुझ्या दारार उभी केलेली आसा."

"होय म्हाराजा."

"तिच्या चाकाक बळ दी, चालवतल्या हाताक यश दी."

"होय म्हाराजा."

"आणि ह्या नगरीची घाण हेच्याफुडे धुराच्या गाडयेत भरूची नाय, ह्यो आमचो शब्द आसा म्हाराजा."

"होय म्हाराजा."

हे शेवटचं वाक्य ठरावात नव्हतं. म्हाताऱ्याची जीभ ओघात घसरली, असं सगळे म्हणाले. रसिकाही म्हणाली. पण नारळ फुटला होता, आणि सगळ्यांत मोठा 'होय म्हाराजा' टेंपोवाल्या सुदेशचा होता.

आता आषाढ. खाडीपलीकडे विजेचे खांब आडवे झाले. वीज यायची ती चहा गाळेपर्यंत टिकायची. गाडीची बॅटरी रिकामी, आणि गावात वास उठलेला. मासळी बाजारातली जन्नतबी सकाळीच पोतं घेऊन दारात उभी राहिली.

"तुझी गाडी येणा नाय गो, म्हणान माझी वरात इली. घी. कालची चिंगळा सोललेली आसत."

"मी काय करू, जन्नतबी? लायट नाय."

"ता तुझ्या गाडयेक सांग. माज्या नाकाक नको."

पोतं खळ्याच्या कोपऱ्यात राहिलं, मांजर त्यात शिरलं. आणि त्याच्यामागोमाग आले मुख्याधिकारी, छत्री मिटवत. बरोबर सुदेश. परशुराम बाकड्यावर सरकला नाही.

"गावकर," मुख्याधिकारी म्हणाले, "पावसापुरता सुदेशचा टेंपो लावू. पण लोक त्यात कचरा टाकायला तयार नाहीत. देवाला शब्द दिलाय म्हणतात. तुम्ही तेवढं गाऱ्हाणं मागे घ्या."

"पावसापुरतोच गो," सुदेश रसिकाकडे बघून म्हणाला. "गणपतीक तुझी गाडी परत."

"बाजल्यार बसलेलो पावणो गणपतीक उठता काय?" रसिका म्हणाली. चहाची किटली तिने इतक्या जोरात ठेवली की झाकण उडालं.

"शब्द माझो नाय," परशुराम म्हणाला. "मी आपला तोंड. होय म्हाराजा कोणी म्हटल्यान?"

"सगळ्यांनीच."

"तुमी?"

"मीही म्हणालो. तिथे सगळेच म्हणतात."

"मगे? गाव करी ता राव काय करी?"

"अहो, पण आमच्या ठरावात 'टप्प्याटप्प्याने' असं होतं. तुम्ही देवाला टप्पे सांगितलेच नाहीत."

"देवाक टप्पे कळनत नाय, सायबानू."

सुदेशने घसा साफ केला. "मगे कौल लावया. देव सोडीत तर सोडीत."

"लाव," परशुराम शांतपणे म्हणाला. "दाणे मी लावतंय. पण डावो पडलो, देवान नाय म्हटल्यान, तर तुझो टेंपो जत्रेक देवळाच्या वाटेर येवचो नाय. ता कबूल कर आधी."

सुदेशने छत्रीच्या टोकाने जमीन उकरली. जत्रेतली सगळी भाडी त्याचीच असायची. कौलाचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

मुख्याधिकारी घड्याळ बघत होते. म्हणजे आता देवाला शब्द न दिलेल्या दुसऱ्या गावचा टेंपो, दुसरा चालक. रसिकाला बोटांत लॉजवरच्या साबणाची आग जाणवली. ती खळ्यात गेली, पोत्याला लाथ मारली, मांजर पळालं, ती परत आली.

"सुदेशभावजी, तुमचो लग्नाच्या मांडवातलो जनरेटर खंय आसा?"

"घराकडे. कित्या?"

"तेच्यार माझी गाडी चार्ज करा."

सुदेश हसला. "गो बाये, तो डिझेलचो. माज्या टेंपोपेक्षा धूर सोडता."

सगळ्यांनी परशुरामकडे पाहिलं. त्याने विडी पेटवायला वेळ घेतला.

"धुराची गाडी नको म्हटलेला. उभ्या धुराचा मी देवाकडे काय बोलाक नाय."

"आणि हे मी वर काय कळवू?" मुख्याधिकाऱ्यांनी विचारलं.

"टप्प्याटप्प्यान म्हणा."

दुपारी नगरपंचायतीच्या आवारात जनरेटर धडधडू लागला. काळा धूर 'धूरमुक्त नगर' लिहिलेल्या फलकावरून सावकाश समुद्राकडे गेला. भाडं सुदेशला मिळालं, त्यामुळे तोही खूश. रसिका मात्र गाडीभोवती फेऱ्या घालत राहिली. दर फेरीला काचेवरचा बॅटरीचा आकडा बघायची, जणू दूध उतू जाणार होतं.

पाऊस ओसरल्यावर गाडी निघाली. आवाज नाही, नुसती घंटा. आधी तिने स्वतःच्याच दारातलं पोतं उचललं. परशुराम दगडी गडग्याजवळ नेहमीसारखा पाठ करून उभा होता.

"मामानू, कचरो?"

तो वळला. गाडीकडे बघितलं, तिच्याकडे नाही. विडीचं थोटूक विझवून गाडीच्या डब्यात टाकलं.

"चल, फुडे हो. जन्नतबी वाट बघता."

चैत्रात, गाऱ्हाण्याच्या आदल्या संध्याकाळी परशुराम विहिरीच्या कठड्यावर एकटाच बसून 'धुराच्या गाडयेत भरूची नाय' हे शेवटचं वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून बघत होता.