भिंतीपलीकडचं गरम पाणी

आमच्या रंगाच्या कारखान्याला खेटून सॉल्व्हंटचा कारखाना आहे. मध्ये एकच भिंत. ते गरम पाणी गार करून टाकून देतात आणि आम्ही गार पाणी तापवायला बॉयलर पेटवतो. एवढी साधी गोष्ट लक्षात यायला दोन्ही कंपन्यांना वर्षं लागली. मग विद्यापीठातल्या प्राध्यापिकाबाईंना मध्ये घेऊन संयुक्त संशोधन निघालं. भिंतीतून पाइप टाकायचा आणि त्यांच्या पाण्यावर आमचं रंग सुकवायचं ड्रायरचं खातं चालवायचं.

आमच्याकडून मी, त्यांच्याकडून माझा सख्खा दीर. राहतो एका घरात, जेवतो एका टेबलावर. पण करारात गोपनीयतेचं कलम. पाणी किती गरम, हे तो मला सांगणार नाही; तापमानावरून त्यांची प्रक्रिया ओळखता येईल म्हणे. आमच्या बाजूला थर्मामीटर लावायलाही बंदी. बाईंनी बिचाऱ्यांनी सगळी गणितं अंदाजपंचे मांडली. माझंही तोंड शिवलेलं. बॉयलरचा खर्च परवडत नाही, म्हणून चाचणी फसली तर ड्रायरचं खातं बंद होणार, हे घरी बोलायचं नाही. त्याच खात्यात माझा नवरा आहे.

चाचणी सुरू झाली आणि पाइपातून पाणी आलं कोमट. बाळाला अंघोळ घालावी इतपत. आम्ही पाइपाला जाड आवरण गुंडाळलं, तरी कोमटच. माझं डोकं मात्र चांगलंच तापलं.

शेवटी जेवताना दिराला धरलं. "भावजी, पाणी एवढं गार कसं येतं?"

"आम्ही गार पाणी मिसळतो ना," तो शांतपणे म्हणाला. "नाहीतर हात लावून तुम्हाला आमचं तापमान कळेल."

मी कपाळावर हात मारला. ऊर्जा वाचवायला पाइप टाकला आणि हे महाशय त्यात गार पाणी सोडतायत, तेही वेगळा पंप लावून.

"तुमच्या या गुपितापायी तुमच्या दादाची नोकरी चाललीय," मी म्हणाले. करार गेला खड्ड्यात.

नवऱ्याचा घास हातातच राहिला. दीर पांढराफटक पडला. "वहिनी, हे आधी नाही का सांगायचं?"

"गोपनीय होतं."

दुसऱ्या दिवशी कुणाला न विचारता त्याने गार पाण्याचा व्हॉल्व्ह बंद केला. आमचे ड्रायर बॉयलरशिवाय चालले. नवऱ्याचा जीव भांड्यात पडला आणि दिरावर चौकशी बसली.

संयुक्त बैठकीत त्यांचे मॅनेजर तावातावाने उठले. "या माणसाने आमचं तापमान फोडलं. नव्वद अंश. झालं आता सगळ्यांना माहीत."

बाईंनी मान खाली घालून आकडा टिपून घेतला. या संशोधनात त्यांना मिळालेला तो पहिला खरा आकडा.

"साहेब, आम्ही मोजलंच नव्हतं," मी म्हणाले. "तुमच्याच कलमाने बंदी आहे. नव्वद हे आत्ता तुमच्याच तोंडून ऐकलं. मग चौकशी नेमकी कुणाची करायची?"

मॅनेजर खाली बसले. चौकशीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

घरी आल्यावर नवऱ्याने धाकट्याच्या पाठीवर थाप मारली. मग खुर्ची ओढून आम्हा दोघांच्या समोर बसला.

"आता सांगा," तो म्हणाला, "माझ्यापासून आणखी काय काय गोपनीय आहे?"