दोन थँकफुल आणि एक हिरवा पाळणा

मित्रांनो, तुमच्यापुढे बोलायला मी जरा बिचकतोच. मी एक पाळणा आहे. जुना आहे, हे माझ्याकडे पाहूनच तुम्हाला कळेल. दोरीने टांगतात तसला मी नाही. माझ्या तळाला दोन वाकड्या पट्ट्या आहेत, त्यांवर मी जमिनीवरच डुलतो. डोक्याशी लहानसे छप्पर आहे, बाळाला वारा लागू नये म्हणून. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. मला मात्र पाय पाहून कधी काही कळले नाही. माझी आठवणही आता लाकडासारखीच चिरली आहे. तेव्हा चुकलो तर सांभाळून घ्या.

समुद्रापलीकडून आलेल्या ओबाडाया बिडवेलने मॅसॅच्युसेट्सच्या नदीकाठी जमीन मोकळी केली, तेव्हा पाडलेल्या एका ओक झाडातून मी झालो. तो काही सुतार नव्हता, त्यामुळे माझी डावी पट्टी किंचित आखूड राहिली. आजही डुलताना मी डावीकडे हलकेच अडखळतो. पहिली मुलगी झाली, तिचे नाव थँकफुल ठेवले. देवाचे उपकार विसरू नयेत म्हणून तिथे अशीच नावे ठेवत. ओबाडायाने माझ्या छपरावर तिच्या नावाची अक्षरे कोरली आणि खाली साल घातले, १६९१.

ती फार हलकी होती. दोन वर्षांनी तापाने गेली. चर्चमागच्या दफनभूमीत तिचा काळा दगड उभा राहिला आणि मी रिकामा झालो.

पुढे पुन्हा मुलगी झाली. त्या लोकांची एक रीत होती, गेलेल्या मुलाचे नाव पुढच्याला द्यायचे. हीसुद्धा थँकफुलच झाली. ओबाडाया म्हणाला, "अक्षरं कोरलेली आहेतच की. नाव तेच, अक्षरं तीच. पुन्हा कशाला सुरी झिजवू?"

त्याची बायको हेप्झिबा बाळंतिणीच्या अंथरुणातून म्हणाली, "ती अक्षरं तिची आहेत. हिला हिची द्या."

ओबाडायाने पुन्हा सुरी काढली. मग त्याने जुन्या अक्षरांच्या खाली नवी कोरली, १६९५. ते दिवस आठवले की अजून माझ्या फळ्या उबदार होतात. चुलीवर मक्याची लापशी रटरटत असायची आणि हेप्झिबाचा पाय माझ्या पट्टीवर असायचा.

ही थँकफुल जगली, मोठी झाली, लग्न होऊन डोंगरापलीकडे गेली. बैलगाडीत सामानाच्या वर मला उलटा बांधला होता. त्यानंतर मी आईकडून लेकीकडे जात राहिलो. प्रत्येक लग्नात घराचे आडनाव बदलले, मी तोच राहिलो. कुणी माझे कौतुक केले, कुणी माझ्यात भोपळे साठवले. एका हौशी लेकीने मला गडद हिरवा रंग फासला. तिला वाटले, मी देखणा झालो. अक्षरे मात्र बुडाली. मग माळा आला, आणि एक मांजर दर वसंतात पिल्ले घेऊन माझ्यात येऊ लागले. खोटे कशाला बोलू, त्यांचाही मला आधार वाटे.

शेवटी मी लोइसकडे आलो. लोइस आता सत्तरीपुढची. तिची आई सांगत असे, "आपण या पाळण्यातली माणसं. नदीकाठच्या बिडवेलांच्या थँकफुलचा पाळणा आहे हा." त्या एका वाक्याच्या जोरावर लोइस गेल्या उन्हाळ्यात बिडवेल वंशजांच्या मेळाव्याला गेली. बरोबर वाल शिजवलेले भांडे होते. परत आली ती रडून लाल झालेल्या डोळ्यांनी. नात विनी गरोदर होती आणि बाळंतपणासाठी तिच्याकडेच राहत होती. लोइस तिला सांगत होती, तेव्हा मी सारे ऐकले.

त्या घराण्याची वंशावळ सांभाळणारा आल्डेन सगळ्यांदेखत म्हणाला होता, "लोइस, तुझी थँकफुल दोन वर्षांची असताना गेली. दगड आहे तिचा. दोन वर्षांच्या पोरीला नातवंडं होत नसतात." लोक हसले होते.

"म्हणजे माझी आई जन्मभर खोटं बोलली," लोइस म्हणाली. "हा पाळणा कुठल्या तरी लिलावातला असेल. जुन्या सामानवाल्याला देऊन टाकते."

"अगं आजी," विनी म्हणाली, "बाळाला तुझे खापरपणजोबा नकोत, झोपायला जागा हवी. पाळणा राहू दे. फक्त हा शेवाळी रंग काढ, नाहीतर पोर दचकून उठेल."

लोइस रंग खरवडायला बसली. हात रागात होता, नंतर तो मऊ झाला. छपरापाशी पाते अडले. तिने बोटाने चाचपले, चष्मा पुसला, पुन्हा चाचपले. एकाच नावाची अक्षरे दोनदा होती आणि साले दोन होती.

तिने आल्डेनला कळवले, तो दुसऱ्याच दिवशी आला. गुडघे टेकून त्याने माझे छप्पर निरखले.

"अरे देवा," तो म्हणाला. "दगडावर १६९३ आहे. ही दुसरी त्यानंतरची. नाव पुन्हा ठेवायचे हे लोक, मला ठाऊक आहे. आमच्याच घरात तीन ओबाडाया झाले! तरी डोक्यात कसं आलं नाही?"

"डोक्यात जागा नसेल," लोइस म्हणाली. "तीन ओबाडाया बसलेत ना!"

तो हसला, मग ओशाळून म्हणाला, "माफ कर. पण एक कडी अजून जुळत नाही. तुझ्या आईकडच्या नोंदी मागे जिच्यापाशी थांबतात, ती केझाया या थँकफुलचीच मुलगी, असं कुठंच मिळत नाही. खात्रीनं नाही सांगता येत."

"नको सांगूस," लोइस म्हणाली. "आईनं रक्ताचं नाव काढलंच नव्हतं. ती एवढंच म्हणायची, आपण या पाळण्यातली माणसं."

मित्रांनो, ती कडी मला ठाऊक आहे. एका हिवाळ्यात घशाची साथ आली आणि शेजारचे घर ओस पडले. थँकफुल बर्फातून तिकडे गेली आणि शालीत गुंडाळलेली एक तान्ही घेऊन आली. तिचे स्वतःचे मुलगे मोठे झाले होते, मी कोपऱ्यात पडून होतो. तिने मला ओढून चुलीपाशी आणले, त्या पोरीला माझ्यात ठेवले आणि म्हणाली, "ही केझाया. आपली." पुन्हा त्या घरात त्यावर कुणी बोलले नाही. कदाचित मी हे उगाच सांगतो आहे. पण लोइसची आई खोटे बोलली नव्हती, एवढे तुम्हाला तरी कळावे.

पानगळीत विनीला मुलगी झाली. लोइसने भीत भीत नाव सुचवले, तर विनी म्हणाली, "थँकफुल? आजी, शाळेत पोरं तिला जगू देतील का?" मुलीचे नाव मेबल ठेवले, लोइसच्या आईचे. लोइसने माझ्या छपरावर तिची अक्षरे कोरली. जरा वाकडी आली आहेत, पण तिची आहेत.

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूला रंग द्यायचा तर अवश्य द्या. आधी एकदा तिच्यावरून बोट फिरवा. आणि ती कुणाची, हे सांगणारे माणूस घरात आहे तोवर विचारून घ्या. आम्हाला कुणी विचारत नाही, आणि विचारले तरी आम्हाला बोलता येत नाही. रक्त तर मला कधीच ओळखता आले नाही. मला वजन तेवढे कळते. मेबल आता जड होत चालली आहे. लोइसचा पाय पट्टीवर आला की मी डुलतो, आणि अजूनही डावीकडे थोडा अडखळतो.