दुधातला मी आणि पुडीतला तो

मी कॅल्शियम बोलतोय. तुमच्या हाडातला चुना. माझा एक भाऊबंद आहे, स्ट्रॉन्शियम नावाचा. आधीच सांगून टाकतो, मी त्याच्यावर जळतो.

आम्ही दोघं एकाच मातीतले. चौसाळ्याजवळच्या चुनखडीच्या रानात मी ढिगानं, तो चिमूटभर. तिथून मी कडब्यात, कडब्यातून म्हशीत आणि दुधातून माणसाच्या हाडात येतो. त्याचा चेहरामोहरा माझ्यासारखाच, म्हणून हाडात माझी जागा रिकामी दिसली की हा गुपचूप तिथं जाऊन बसतो. बांध कोरणारे भाऊबंद तुम्ही पाहिलेच असतील.

मी भिवराबाईच्या हाडांत तिच्या लहानपणापासून आहे. पण तिच्या म्हशीचं दूध तिच्या तोंडी कधी लागलं नाही. चरवी भरली की थेट गावच्या दूध संस्थेत जायची. नवरा आश्रुबा संस्थेचा संचालक, आणि वर्षभर दूध घातलं तरच मत, असा तिथला नियम. घरात सगळ्यांना कोरा चहा. उतारवयात मी तिच्या हाडांतून निघून चाललो होतो, ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

मग गुरं चारा छावणीत न्यावी लागली, तो दुष्काळ आला. टँकरवरच्या रेटारेटीत भिवराबाई पडली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. म्हैस एवढी हेकट, की भिवराबाईच्या हाताशिवाय कुणालाच पान्हा सोडायची नाही. सून शिवकन्या धार काढायला बसली की जेमतेम तांब्याभर दूध निघायचं.

"हातानं जोर न्हाई धरला तर म्हैस इकावी लागंल," आश्रुबा म्हणाला. प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून भिवराबाई छावणीत गेली आणि डाव्या हातानं म्हशीची पाठ खाजवत बसली.

तेव्हा कुठं शिवकन्येनं सासूसाठी पेलाभर दूध बाजूला काढायला सुरुवात केली. मला वाटलं, आले आपले दिवस. तर डॉक्टरांनी ठिसूळ हाडांसाठी पुड्या लिहून दिल्या, आणि पुडीत कोण? तोच!

"झोपताना पाण्यात ढवळून घ्या, मावशी. दुधाबरोबर घेऊ नका," डॉक्टर म्हणाले. ते खरंच होतं. पोटातून रक्तात जायची आमची वाट एकच; मी गर्दी केली की त्याला आत शिरता येत नाही. हे ऐकून माझी छाती फुगली होती.

पण आमच्याकडं औषध म्हटलं की पथ्य आलंच. वांगं बंद, आंबट बंद, तसं दूधही बंद. "आत्याबाई, डॉक्टरनी दूध न्हाई म्हनलंय," म्हणत शिवकन्येनं तो पेला चरवीत ओतला. आश्रुबा खूश झाला. स्ट्रॉन्शियम पुडीतून मानानं आत, आणि मी घरचा असून दाराबाहेर! माझा नुसता तिळपापड झाला.

त्याचे गुण सांगताना माझी जीभ जड होते, पण सांगतो. हाडात जुनं पाडणारे असतात आणि नवं बांधणारे असतात. हा आला की पाडणारे हात आखडता घेतात आणि बांधणारे कामाला लागतात. उंदरांची मोडलेली हाडं म्हणे त्यानं लवकर सांधली. माणसाचं अजून कुणी ठाम सांगत नाही, हेही लिहून ठेवा. आणि गवंडी कितीही झटले तरी विटा नकोत का? वीट मी आहे.

पुढच्या खेपेला प्लास्टर काढून मनगटाचा एक्स-रे फोटो काढला. "पांढरंफेक दिसतंय की! आता लाग धारंला," आश्रुबा म्हणाला. अहो, तो माझ्यापेक्षा जड, म्हणून फोटोत जास्त पांढरा उठतो! पण माझं ऐकतो कोण? डॉक्टरांनी मनगट नुसतं दाबलं आणि भिवराबाई कळवळली.

"मावशी, दूध किती पिता?"

"दूध? आवं, तुमीच तर पथ्य सांगितलं!"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "पुडी रात्री, दूध सकाळी. बंद कुणी सांगितलं?"

दुसऱ्या दिवशी चरवी निघाली तेव्हा भिवराबाईनं आधी पेला भरून घेतला. आश्रुबा ओरडला, "आगं, माप कमी भरंल! माज्या मताचं काय?"

"हातानं जोर धरला तर दूध, दूध आसलं तर तुमचं मत," ती म्हणाली आणि उभ्यानंच पेला रिकामा केला.

हळूहळू हातानं जोर धरला. ती धारेला बसली, म्हशीनं पान्हा सोडला, चरवीत फेस चढला. मी कौतुकाची वाट पाहत होतो. भिवराबाई म्हशीच्या कानाशी म्हणाली, "त्या पुडीनं लई उपकार केले बग." पुडीनं! माझं नावसुद्धा नाही.

पुढं ही पुडी हृदयाला बाधू शकते, म्हणून डॉक्टरांनीच ती बंद केली. मी मनातल्या मनात पेढे वाटले. पण हाडात बसलेला तो एवढ्यात कसला उठतोय!

बायांनो, संस्था मोठी करा, पण पहिला पेला घरात ठेवा. एवढंच मागणं आहे. भिवराबाई अजून खूप जगो. पण एक दिवस तिची माणसं राखेतून अस्थी वेचतील, तेव्हा त्यांच्या हाती लागेन तो मीच. आणि माझ्या मांडीला मांडी लावून, तिथंही, तो बसलेला असेल.